वाकड्या रेषा, तीन नंबरचा ट्रे

९ जानेवारी, गुरुवार

नऊ! पन्नासातले नऊ मार्क. पास व्हायला वीस लागतात.

आज फर्स्ट सेमिस्टरचं प्रॅक्टिकल. दुर्गहून बाहेरचे परीक्षक आले होते — चष्मा कपाळावर, चहा पाच वेळा. माझ्या वर्गातल्या अनुश्रीची चिठ्ठी निघाली — समविभव रेषा. मनात म्हटलं, चला, सोपं आलं पोट्टीच्या वाट्याला. उथळ ट्रेत सेंटीमीटरभर पाणी, दोन टोकांना दोन पितळी पट्ट्या, त्यांना ट्रान्सफॉर्मरमधून सहा व्होल्ट. मग मीटरची सळई पाण्यात बुडवत जायची, जिथं जिथं सारखं व्होल्टेज दिसेल ते बिंदू ग्राफवर मांडायचे, जोडायचे. झाली रेष. पट्ट्या समांतर म्हणून रेषाही समांतर, सरळ. शेंबडं पोरगंही काढेल.

आणि हिच्या रेषा! कडेच्या बऱ्या होत्या. मधल्यांनी पोट काढलेलं, एक इकडे वाकलेली, एक तिकडे. एका पट्टीकडून दुसरीकडे जाताना आकडा बदलायला पाहिजे, तर हिच्या तक्त्यात मध्ये ३.४, ३.४, ३.४ — ओळीनं अकरा वेळा! खोटं लिहायचं तर निदान थोडं इकडचं तिकडं तरी कर ना बाई.

परीक्षकांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "मैडम, आपके यहाँ ऐसे रीडिंग लेते हैं?"

काय लाज वाटली! सव्वीस वर्षं झाली या लॅबमध्ये. वीस पोरांसमोर मोठ्यानं बोलले — "ये रीडिंग इसने ली ही नहीं है. बैठे-बैठे बनाई है." घरी मराठी बोलतात ही लोकं, पण या हिंदी मुलखात आजकालची सगळी पोट्टी हिंदीतच उत्तर देतात. म्हणाली, "मैडम, सच में, वहाँ सब जगह सेम आ रहा है."

मी म्हटलं, "सेम आ रहा है! ऐसा आता है क्या कहीं? थोड़ा दिमाग लगाओ."

परीक्षकांनी नऊ लिहिले, खाली मी सही केली. ती रडली नाही. सळई रुमालानं पुसली, वायरी गुंडाळून ठेवल्या आणि गेली. बाकी कोणी वायरी गुंडाळत नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

दुसरी बॅच. सगळ्यांच्या रेषा एकदम सरळ. परीक्षक खूश — "आज का बैच अच्छा है, मैडम."

१२ जानेवारी, रविवार

खूप उशीर झाला आहे. तरी लिहिते.

दुपारी डायनिंग टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होते. अनुश्रीचा ग्राफ बाजूला काढला. काहून काढला? खरं लिहायचं तर पुढच्या वर्षीच्या पोरांना दाखवायला — पाहा, बनवाबनवी अशी पकडली जाते! असा माझा स्वभाव. आमचे हे, श्यामकांत, म्हणतातच, "तू मास्तरीण नाही, थानेदार आहेस."

हातात पेन्सिल होती. सवयीनं क्षेत्ररेषा काढायला बसले. नियम एकच — विजेच्या क्षेत्राची रेष प्रत्येक समविभव रेषेला काटकोनातच छेदते, दुसरा रस्ताच नाही तिला. डाव्या पट्टीपासून निघाले. पहिली रेष सरळ गेली. दुसरी सरळ. तिसरी मध्यापर्यंत गेली आणि वळली. चौथीही तिकडेच वळली. पाचवी, सहावी — सगळ्या एकाच जागी धावत गेल्या. उजव्या पट्टीकडून उलट्या आले तर तिकडूनही तेच.

मध्ये कोरी जागा उरली. जिथं तिचे अकरा ३.४ होते तीच. आणि त्या जागेला आकार होता! चार कोपऱ्यांची चौकट, त्यातला एक कोपरा तिरपा कापलेला.

असं खोटं कोणी बनवू शकत नाही. असं खोटं बनवायचं तर माझ्याहून जास्त फिजिक्स यायला पाहिजे.

वाहकाच्या अंगावर सगळीकडे विभव सारखंच असतं. दरवर्षी फळ्यावर लिहिते मी हे वाक्य! खाली दोन रेघा ओढते. धातूचा तुकडा पाण्यात पडला असेल तर त्याच्यावर सगळीकडे सारखंच व्होल्टेज येणार, आणि बाकीच्या रेषा त्याला वळसा घालून जाणार. सेम येतंय म्हणाली तर सेमच येत होतं.

पण ट्रेत धातू कुठून आला?

श्यामकांतनी दोनदा हाक मारली. "काहून वो, जेवून नाही राहिली?" म्हटलं, भूक नाही.

१३ जानेवारी, सोमवार

आठलाच कॉलेजला गेले. देवीदास — आमचा लॅब अटेंडंट — झाडू मारत होता. तीन नंबरचा ट्रे खाली काढायला लावला. त्याच्या काचेच्या बुडाखाली अनुश्रीचा ग्राफ सरकवला.

तंतोतंत! तिरपा कोपरासुद्धा तिथंच.

पत्र्याचा तुकडा. तेलाच्या डब्याचा. गंज चढून, पाण्याचे थर बसून असा मळका झालाय की डागच वाटतो. ऑगस्टमध्ये ट्रेला चीर गेली होती, पाणी टिपकत होतं. नवा ट्रे मागवायचा म्हणजे अर्ज, कोटेशन, सह्या — वर्ष जातं. देवीदासनं आतून पत्रा बसवला, कडेनं लांबी भरली, काचेला लावतात ती. एक कोपरा वाकडा झाला होता म्हणून तिरपा कापला.

मी म्हटलं, "देवीदास, ये पत्रा किसने लगाने बोला था?"

"हव मैडम, आप ही तो बोली थीं. मैं पूछा भी था — प्रयोग में कुछ होगा तो नहीं? आप बोलीं, चलेगा."

चलेगा. माझाच शब्द.

मीटर लावून स्वतः रीडिंग घेतली. पत्र्याच्या वर कुठंही सळई ठेवा — ३.४. अकरा जागी ठेवली. अकराही वेळा.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. कॉलनीतल्या सगळ्या बायका येऊन गेल्या. गोड बोला, गोड बोला! मी नुसती तिळगुळाची वाटी पुढे करत राहिले.

१५ जानेवारी, बुधवार

कपाटातून जर्नलं काढली. ऑगस्टपासून तीन नंबरच्या ट्रेवर हा प्रयोग किती जणांनी केला? बावीस. (अनुश्रीचा सरावाचा प्रयोग एक नंबरवर होता, तो चांगला ट्रे आहे.)

बावीसच्या बावीस जणांच्या रेषा सरळ. फुटपट्टीनं ओढलेल्या. त्या ट्रेत सरळ रेष निघूच शकत नाही! म्हणजे एकानंही पाण्यात सळई नीट बुडवली नाही. समोर भिंतीवर मॉडेल ग्राफ टांगलाय, लॅमिनेशन केलेला. त्यात पाहून आधी रेषा काढल्या, मग रेषांवरून आकडे लिहिले. ग्राफ मीच टांगलाय. जर्नल तपासताना मी काय करते? पोराचा ग्राफ त्या मॉडेलवर ठेवते, उजेडासमोर धरते. जुळलं की गुड. नाही जुळलं की लाल फुली. ट्रेकडे ढुंकून पाहत नाही.

बावीस गुड. बावीस माझ्या सह्या. आणि जिनं पाण्यात खरंच पाहिलं तिला नऊ मार्क आणि वर वीस जणांसमोर खोटारडी म्हणून शिक्का.

३१ तारखेला मार्कांचं पोर्टल बंद होतं. एकदा बंद झालं की नऊ ते नऊच. फिजिक्समध्ये फेल, पुढच्या वर्षी परत.

हजेरी पाहिली. नऊ तारखेपासून ती आलेलीच नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

गेले होते. फॉर्मवरून पत्ता काढला — बूढ़ापारा मोहल्ल्यात तलावाच्या मागच्या गल्लीत तिच्या वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शालिग्राम त्यांचं नाव. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून घरचा मिक्सर घेऊन गेले. काय बाई बहाणा! पन्नाशी उलटून गेली माझी.

दुकान म्हणजे दहा बाय दहा. वार्निशचा वास, पंखे उघडे पडलेले, तांब्याच्या तारेची रिळं. मी नाव सांगितलं आणि शालिग्राम स्टुलावरून उठूनच उभे राहिले. हात जोडले! मला!

"माफी करा जी मॅडम. पोट्टीनं आमचं नाक कापलं. असं वळण नाही जी आमच्या घरचं."

मी म्हटलं, "अहो, तसं नाही —"

"नाही, नाही, तुमची काय चुकी? ती म्हणत होती, बाबा मी खरंच लिवलं, मॅडमनं ऐकूनच नाही घेतलं. मी म्हटलं, मॅडम काहून खोटं बोलन? दोन ठेवून देल्या मी तिले."

मारलं. माझ्यावर विश्वास ठेवून पोरीला मारलं त्या माणसानं.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तिथल्या तिथं. चहा आला, मी प्यायले! पूर्ण कप प्यायले. ते सांगत राहिले — पोट्टीला आता सायन्स नको म्हटलं, बी.ए. कर नाहीतर इथं बस. आत पडद्यामागं ती बसली होती, मशीनवर तार गुंडाळत, ओठातल्या ओठात वेढे मोजत. तिनं मान वर केली नाही.

शालिग्रामनी मिक्सर उघडला, फिरवला, कान लावला. "यात तर काहीच बिगडलं नाही जी, मॅडम."

"हो का? घरी आवाज करत होता," मी म्हटलं. आणखी एक खोटं.

१८ जानेवारी, शनिवार

काल सांगायला गेले होते. मिक्सर घेऊन परत आले.

२० जानेवारी, सोमवार

विनायक सरांना — आमच्या विभागप्रमुखांना — सगळं सांगितलं. ग्राफ दाखवला, पत्रा दाखवला. फिजिक्सचाच माणूस, दोन मिनिटांत कळलं त्यांना. वाह, म्हणाले. "बच्ची ने तो पत्र्याचा फोटोच काढला की!" ते आमच्यातलेच, नागपूरचे, पण निम्मं हिंदी.

मग दार लोटून घेतलं.

"हे पाहा सुनीती मॅडम. एक पोरगी आहे. पुढच्या वर्षी परत देऊन टाकेल. तुम्ही लिहून दिलं की ट्रे खराब होता, तर उद्या कोणी विचारेल, त्याच ट्रेवर त्या दोन दिवसांत आणखी चार जणांनी परीक्षा दिली, ते कसे काय पास झाले? मग जर्नलं निघतील. मग तुमच्या सह्या निघतील. रिटायरमेंटला किती वर्षं राहिली तुमची?"

"आठ."

"मग? काहून आ बैल मुझे मार करता?"

मी म्हटलं, विचार करून सांगते. काय विचार करायचा होता? पण म्हटलं तसं. आणि बाहेर आल्यावर जरा हलकं वाटलं, हे लिहितानाच शरम वाटते. कोणीतरी नको म्हटलं म्हणून हलकं वाटलं मला!

२१ जानेवारी, मंगळवार

श्यामकांतना आज सांगितलं. ऐकून घेतलं पूर्ण. मग म्हणाले, "तू कॉलेजात असताना काय करत होतीस?"

जिथं दुखतं तिथंच बोट ठेवलं.

मीही तेच केलं. बी.एस्सी.ला लंबकाचा प्रयोग होता. गुरुत्वाकर्षणाचा जी म्हणजे ९८०. उत्तर आधी कागदावर, तिथून उलटं गणित करत करत सेकंद काढायचे, आणि मग सेकंद थोडे थोडे बिघडवायचे, खरे वाटावेत म्हणून. वीस रीडिंगांत तीन "चुकीची" ठेवायची — ही तर कला होती! आम्ही मैत्रिणी एकमेकींना शिकवायचो. माझा कॉलेजात पहिला नंबर आला. पहिल्या नंबरात किती रीडिंग खरी होती, देव जाणे.

म्हणून तर अकरा वेळा ३.४ पाहून मी पेटले. मला वाटलं, हिला खोटं बनवतासुद्धा येत नाही. खरं असेल हे मनातच आलं नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

श्यामकांत म्हणाले, "मग आता लिहून दे." म्हटलं, जर्नलांचं निघालं तर? म्हणाले, "निघू दे. आठ वर्षं तोंड लपवून काढशील का?"

२३ जानेवारी, गुरुवार

दिलं. प्राचार्यांच्या नावानं पत्र, एक पान. ट्रे क्रमांक तीन सदोष होता, दुरुस्ती माझ्या सांगण्यावरून झाली, विद्यार्थिनीची रीडिंग अचूक होती, मी सर्वांसमोर केलेला आरोप चुकीचा होता, तिची परीक्षा परत घ्यावी. बावीस जर्नलांचं लिहिलं नाही. लिहिणार होते. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. विनायक सर म्हणाले, तेवढं तरी सोडा, पोरांचं कशाला वाटोळं? मी सोडलं. पोरांसाठी सोडलं की माझ्यासाठी, हे मला माहीत आहे. इथं लिहीत नाही.

२५ जानेवारी, शनिवार

आज मिक्सर नेला नाही.

ग्राफ नेला. शालिग्रामच्या काउंटरवर पसरला आणि एका दमात बोलून टाकलं — पोरगी खरी होती, ट्रे माझा खराब होता, मी खोटी पडले. ते ग्राफकडे पाहत राहिले. म्हणाले, "मले हे समजावून सांगा जी. रेष म्हणजे काय?"

मी म्हटलं, दादा, हा तुमच्या मागचा तलाव. पाण्याच्या काठाकाठानं पूर्ण फेरी मारली तर चढ लागतो?

"नाही. सपाटच आहे."

ती समविभव रेष. तिच्यावरून चालायला काही जोर लागत नाही, सगळी एकाच पातळीवर. आता पाणी थोडं उतरलं की नवा काठ तयार होतो, आणखी उतरलं की आणखी एक. अशा रेषा. आणि वरून गोटी सोडली तर काठाकाठानं जाईल का? नाही, सरळ उतारानं पाण्यात. काठाला काटकोनात. ती क्षेत्राची रेष — वीज ढकलते ती दिशा. काठ जवळ-जवळ असले म्हणजे उतार खडा, वीज जोरात ढकलते. दूर-दूर असले म्हणजे उतार मंद.

"अन् हा पत्रा?"

हा तलावातला चबुतरा. वर सगळा सपाट. कुठंही उभे राहा, पातळी तीच. म्हणून तिला सगळीकडे ३.४ आलं. काठ बिचारे त्याला वळसा घालून गेले, तेच तिनं काढलं.

त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "म्हणजे पोट्टी खरं बोलून राहिली होती."

"हो."

"अन् मी तिले मारलं."

"माझ्यामुळे, दादा. माझ्यामुळे."

मला वाटत होतं, ओरडावं त्यांनी. दुकानातून हाकलावं. गल्लीत चार लोकं जमावीत. ते आत गेले, पडद्यामागे. बराच वेळ हळू आवाजात काहीतरी बोलत होते, मला ऐकू आलं नाही, मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. मग बाहेर येऊन म्हणाले, "परीक्षा परत घ्या तिची. बाकी काही नको आमाले."

अनुश्री बाहेर आली. मी तिच्याशी मराठीत बोलले. म्हटलं, बेटा, माझं चुकलं, मला माफ कर. फार चुकलं. तिनं ग्राफची घडी घातली, नीट, जुन्या घडीवर घडी. म्हणाली, "मैडम, मैंने बोला था ना. वहाँ सब जगह सेम आ रहा था."

"हो. बोलली होतीस."

"अब क्या करना है?"

बस, एवढंच. रागानं नाही, रुसून नाही. ऑफिसात खिडकीवर विचारतात तसं. त्यापेक्षा तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. विनायक सर माझ्या शेजारी उभे राहिले नाहीत.

३० जानेवारी, गुरुवार

मंजुरी आली!! एका रोल नंबरपुरतं पोर्टल दहा तारखेपर्यंत उघडं. पाच फेब्रुवारीला परीक्षा, तेच परीक्षक. मला मेमो मिळाला — "दुरुस्तीबाबत निष्काळजीपणा". मिळू दे. कपाळाला लावून घेईन. प्राचार्य म्हणाले, "मैडम, आपने बहुत हिम्मत दिखाई." मी मान खाली घातली. हिंमत कसली! अकरा दिवस लागले मला.

घरी येऊन पोटभर जेवले. श्यामकांत म्हणाले, "आली बाई जागेवर!"

४ फेब्रुवारी, मंगळवार

अनुश्री कॉलेजला आली. वर्गात मागच्या बाकावर बसली, आधी पहिल्यावर असायची. तासानंतर मी सगळ्या वर्गासमोर सांगितलं — त्या दिवशी ही खरी होती आणि मी चुकीची होते. पोट्टे एकमेकांकडे पाहू लागले. कोणीतरी मागं खुदकन हसलं. तिला ते आवडलं नसावं, ती वहीत काहीतरी गिरवत राहिली. मला वाटलं होतं, सगळ्यांसमोर बोललं की तेवढं तरी फिटेल. नाही फिटलं.

मग लॅबमध्ये बोलावलं. एक नंबरचं टेबल दाखवलं. म्हटलं, हा ट्रे चांगला आहे, मी स्वतः कडेकडेनं हात फिरवून पाहिला, कुठं पत्रा नाही, चीर नाही.

"तो लाइन सीधी आनी चाहिए ना, मैडम?"

"हो बेटा. इथं सरळच येतील."

"कितनी-कितनी दूर?"

"दर व्होल्टला दोन-दोन सेंटीमीटर साधारण. दोन्ही टोकांना थोड्या वाकतील. घाबरू नको."

तिनं मान डोलावली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, पोट्टी परत बोलू लागली माझ्याशी.

५ फेब्रुवारी, बुधवार

झाली परीक्षा.

मी आत गेलेच नाही. उद्या कोणी म्हणायला नको, मॅडमनं सांगितलं, मॅडमनं दाखवलं. परीक्षकांना म्हटलं, सर, तुम्ही आणि ती, मी व्हरांड्यात बसते. दोन तास खुर्चीवर बसून राहिले. काचेतून तिची पाठ दिसत होती. वाकून काम करत होती. मध्ये एकदा सरळ झाली, मीटरकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. मी तिला हात केला, चालू दे म्हणून. परत वाकली. परीक्षक पेपर वाचत चहा पीत होते.

शेचाळीस!! पन्नासातले शेचाळीस!

परीक्षकांनी ग्राफ मला दाखवला. काय सुंदर ग्राफ! सगळ्या रेषा सरळ, टोकांना हलक्या वळलेल्या, क्षेत्ररेषा काटकोनात. अठ्ठेचाळीस रीडिंग, आणि त्यात दोन-चार ठिकाणी पॉइंट एकचा फरक, खऱ्या प्रयोगात येतो तसा. परीक्षक म्हणाले, "मैडम, लड़की तो होशियार निकली." मी तिथंच त्यांच्यासमोर डोळे पुसले.

अनुश्री बॅग घेऊन बाहेर आली. म्हणाली, "अब ठीक है ना, मैडम?" म्हटलं, एकदम ठीक बेटा, एकदम ठीक. पेढे दिले तिला. शालिग्रामांसाठी वेगळे बांधून दिले.

आज जवळजवळ महिन्यानं छातीवरचा दगड उतरला. श्यामकांतना म्हटलं, उद्या सुट्टी टाकते, कुठंतरी जाऊ.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

देवीदास सामान कपाटात ठेवून राहिला होता. म्हणाला, "मैडम, एक नंबर टेबल का ट्रांसफार्मर जल गया है. मंगल की शाम को ही जल गया था, मैं बताना भूल गया."

मी म्हटलं, बुधवारी दुसरा लावला असशील ना?

"नहीं मैडम. वही रखा था."

मीटर लावला. ट्रेत पाणी टाकलं, सळई या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. सगळीकडे शून्य.

अठ्ठेचाळीस रीडिंग.